जुन्या गाडीच्या मीटरची काच धूसर झाली असेल, तर घासण्याआधी धूसरपणा नेमका कुठे आहे ते पाहा

आर्वीकर (धागाकर्ता)

आपल्या भागात पंचवीस-तीस वर्षे जुन्या गाड्या आजही शेतावर, बाजाराला आणि तालुक्याच्या कामाला नित्य वापरल्या जातात. इंजिन, गिअर आणि ब्रेक यांची मनापासून निगा राखणारी माणसेही मीटरच्या धूसर काचेकडे मात्र शोभेची बाब म्हणून पाहतात, हे मला पटत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला असताना, माणसे आणि सामान भरलेल्या गाडीत तापमानाचा काटा कुठवर चढला आहे हे एका नजरेत दिसले नाही, तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाच्या जोडातली सील) जाईपर्यंत चालकाला पत्ता लागत नाही. संध्याकाळी पूर्वेकडे गाडी चालवताना मागच्या काचेतून येणारे तिरपे ऊन थेट मीटरवर पडते, आणि काच धूसर असेल तर तबकडीच्या जागी नुसता पांढरा उजेड दिसतो. म्हणून हा विषय सविस्तर मांडतो आहे.

आमची गाडी नव्वदच्या दशकातली मारुती ८०० आहे. तिच्या मीटरवर सगळ्या तबकड्यांना मिळून पारदर्शक प्लास्टिकचे एकच झाकण आहे, आणि बोलण्यात आपण सगळे त्यालाच काच म्हणतो. जुन्या अॅम्बेसिडर किंवा जीपमध्ये गोल मापकांवर खरी काच असते. खरी काच सहसा धूसर होत नाही, तिच्यावर आतून किंवा बाहेरून थर बसतो, आणि तो थर धुतला की काम संपते. खरा प्रश्न प्लास्टिकचा आहे.

प्लास्टिक धूसर दिसले की पॉलिश घेऊन घासायला बसण्याची आपल्याकडे रीत आहे. माझे आग्रहाचे सांगणे असे की, आधी धूसरपणा कोणत्या बाजूला आहे आणि कसला आहे, हे ठरवावे. त्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. झाकणावरची धूळ हलक्या हाताने झटकून बाहेरच्या बाजूला स्वच्छ पाण्याचा एक थेंब ठेवावा आणि त्या थेंबातून तबकडीकडे पाहावे. थेंबाखालचा भाग एकदम स्वच्छ दिसला, तर धूसरपणा बाहेरच्या बारीक ओरखड्यांचा आहे आणि तो पॉलिशने जाईल. थेंबाखालीही तसेच मळकट दिसले, तर दोष आतल्या बाजूला किंवा प्लास्टिकच्या अंगातच आहे, आणि बाहेरून कितीही घासले तरी काहीही उपयोग होणार नाही, उलट चांगला पृष्ठभाग झिजेल. अंधारात टॉर्च अगदी तिरपी धरून पाहिली तर ओरखडे रेषांसारखे चमकतात आणि थर ढगासारखा पसरलेला दिसतो, त्यामुळे ही दुसरी परीक्षाही करून घ्यावी.

आमच्या गाडीत धूसरपणाचा मोठा भाग आतून बसलेल्या तेलकट थराचा निघाला. डॅशबोर्डच्या मऊ प्लास्टिकमध्ये ते लवचीक राहावे म्हणून घातलेली द्रव्ये उन्हात हळूहळू उडून जातात आणि जवळच्या थंड पृष्ठभागावर बसतात. समोरच्या काचेवर आतून जो चिकट पडदा जमतो, तोही बऱ्याच अंशी याच द्रव्यांचा असतो. उन्हात काचा बंद करून ठेवलेल्या गाडीचा डॅशबोर्ड हात ठेवता येणार नाही इतका तापतो, त्यामुळे आपल्याकडे हा थर लवकर जमणे स्वाभाविक आहे. कोमट पाणी, भांडी धुण्याच्या द्रवसाबणाचे एक-दोन थेंब आणि मऊ कापड एवढ्यावर तो पूर्ण निघाला.

आता माझ्यापुढे दोन गोष्टी उरल्या आहेत. बाहेरच्या बाजूला ओरखडे आहेत, आणि डाव्या कोपऱ्यात प्लास्टिकच्या आत जाळीसारख्या बारीक भेगा दिसतात. त्यांचे काय करावे, हे जाणकारांनी सांगावे.

मेकॅनिक, पुसद

आर्वीकर भाऊ, क्रम अगदी योग्य सांगितला आहे. ज्यांना मीटर बाहेर काढायचे आहे त्यांच्यासाठी मी त्या कामाबद्दल लिहितो, कारण काच धुताना होणाऱ्या नुकसानापेक्षा मीटर काढताना होणारे नुकसान मी अधिक पाहिले आहे.

सर्वप्रथम बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवावी. मीटरच्या मागे सतत करंट असलेल्या वायरी असतात, आणि पेचकस घसरून त्यांना लागला की फ्यूज जातो, कधी वायरिंगही जळते. चौकटीचे स्क्रू काढल्यावर मीटर जोराने ओढू नये, कारण मागे स्पीडोमीटरची केबल अडकलेली असते. कोणत्या गाडीत ती आटेदार नटाने बसवलेली असते, तर कोणत्या गाडीत खटका दाबून सुटते. हात आत घालून ती आधी मोकळी करावी. केबल पुरेशी सैल पडत नसेल तर इंजिनाच्या बाजूने ती थोडी आत सरकवून घ्यावी, ताण देऊ नये. वायरींचे जोड सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

झाकण सुटले की तबकडी आणि काटे उघडे पडतात, आणि तेथे बोट लावायचे नाही हे मी माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांना पुन्हा पुन्हा सांगतो. जुन्या स्पीडोमीटरमध्ये केबलने एक चुंबक फिरतो, त्याच्या ओढीने अॅल्युमिनियमची हलकी वाटी वळू पाहते, आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे धरून ठेवते. या दोन बळांचा मेळ म्हणजेच काट्याची जागा. काटा बोटाने फिरवला किंवा उपटून पुन्हा बसवला, तर गाडी ६० ने जात असताना मीटर भलताच आकडा दाखवू लागते. तबकडीवरचा मंद काळा रंग ओल्या कापडाने निघतो किंवा त्यावर कायमचा चकचकीत डाग पडतो, म्हणून तिच्यावर पाणी तर नाहीच, कोरडे कापडही फिरवू नये. धूळ असेल तर घड्याळजीकडे असतो तसा रबरी फुंकणीचा फुगा वापरावा. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा मारू नये, कारण तिचा जोर फार असतो आणि तिच्यासोबत तेलाचे व पाण्याचे कण येतात.

जीपच्या आणि इतर जुन्या गाड्यांच्या गोल मापकांबाबत एक वेगळी सूचना आहे. त्यांची धातूची कड मागच्या बाजूला दुमडून दाबलेली असते. ती एका जागी पेचकस घालून उचकटली तर वाकडी होते आणि पुन्हा कधीच नीट बसत नाही. चपट्या, बोथट हत्याराने सगळ्या बाजूंनी थोडी थोडी उघडत जावे, आणि जेवढी दुमड उघडल्याने कड निघेल तेवढीच उघडावी. आतली काच फुटली असेल तर फोटोफ्रेम करणाऱ्याकडून साधारण २ मिलिमीटर जाडीची काच गोल कापून घेता येते. जुन्या काचेची जाडी मात्र आधी मोजून न्यावी, कारण जाड काच बसवली की कड पूर्ण दुमडत नाही आणि पावसाळ्यात ओल आत जाते.

रसायनशास्त्राच्या शिक्षिका, ब्रह्मपुरी

पाण्याच्या थेंबाच्या परीक्षेमागचे कारण सांगते, कारण ते समजले की पॉलिश नेमके काय करते हेही समजते. हवेचा अपवर्तनांक, म्हणजे त्या माध्यमात शिरताना प्रकाश किती वळतो हे सांगणारा आकडा, जवळजवळ १, पाण्याचा १.३३ आणि अॅक्रिलिकचा सुमारे १.४९ आहे. ओरखड्यात हवा भरलेली असते तेव्हा दोन माध्यमांतला फरक मोठा असल्यामुळे प्रकाश इतस्ततः विखुरतो. ओरखड्यात पाणी शिरले की हा फरक बराच कमी होतो, विखुरणे घटते आणि पलीकडचे दिसू लागते. मेणयुक्त पॉलिश लावल्यावर काच लगेच सुधारल्यासारखी वाटते ती याच कारणाने. ओरखडे तेथेच असतात, फक्त भरलेले असतात, आणि उन्हाने मेण उडाले की पूर्वीचे रूप परत येते.

आर्वीकर यांनी वर्णन केलेली कोपऱ्यातली जाळी हा वेगळा दोष आहे. अॅक्रिलिकचे झाकण साच्यातून काढताना त्याच्या अंगात, विशेषतः कोपऱ्यांत आणि स्क्रूच्या छिद्रांभोवती, ताण अडकून राहतो. अशा ताणलेल्या भागाला थिनर, अॅसिटोन, पेट्रोल किंवा अल्कोहोल लागले की पृष्ठभागापासून आत जाणाऱ्या असंख्य सूक्ष्म भेगा पडतात. पॉलिश पृष्ठभाग समतल करते, आत गेलेली भेग बुजवत नाही. जाळी वाचनाच्या आड येत नसेल तर तशीच राहू द्यावी, येत असेल तर झाकण बदलावे, तिसरा मार्ग नाही. २०२० नंतर पुष्कळ लोकांनी डॅशबोर्डवर आणि मीटरवर सॅनिटायझर फवारले, आणि त्यात अल्कोहोलचे प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास असते. आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीचे मीटर एका गॅरेजमध्ये थिनरने पुसले गेले आणि काही दिवसांतच सगळे झाकण भेगांनी भरले. त्या कामगाराने ते चांगल्या हेतूने केले असेल, परंतु त्या झाकणावर आता कोणताही इलाज चालणार नाही.

काही गाड्यांत झाकण पॉलिकार्बोनेटचे असते. ते आघात जास्त सोसते, पण उन्हातल्या अतिनील किरणांनी पिवळे पडते आणि अमोनियाने खराब होते. खिडक्यांच्या काचा पुसण्याच्या पुष्कळ द्रवांत, तसेच पितळ चमकवण्याच्या काही पॉलिशांत अमोनिया असतो, म्हणून बाटलीवरचा मजकूर वाचल्याशिवाय ती वापरू नयेत. झाकण काढल्यावर त्याच्या आतल्या कडेला बारीक अक्षरे उठवलेली आहेत का ते पाहावे. तुलनेने नव्या गाड्यांत तेथे रोमन लिपीत पीएमएमए म्हणजे अॅक्रिलिक किंवा पीसी म्हणजे पॉलिकार्बोनेट असे लिहिलेले असते.

शेतकरी, दर्यापूर

ताईंनी रसायने सांगितली, पण आमच्या भागात ज्या पाण्याने काच धुतात ते पाणीच मोठे कारण आहे, आणि ते या चर्चेत यायला हवे. पूर्णेच्या खोऱ्यातला आमचा खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे, आणि येथल्या विहिरी-बोअरचे पाणी खारट असते. या पाण्याने काच पुसून ती तशीच वाळू दिली की क्षारांचा पांढुरका थर मागे राहतो. दुसऱ्या दिवशी तो थर पाहून माणूस कोरड्या कापडाने जोरात घासतो, आणि क्षारांच्या कणांनीच नवे ओरखडे पडतात. मग काच जुनी झाली असे म्हणून सगळे गप्प बसतात.

यावर उपाय सोपा आहे. शेवटचे धुणे पावसाच्या साठवलेल्या पाण्याने किंवा बॅटरीत घालण्यासाठी मिळणाऱ्या डिस्टिल्ड पाण्याने करावे. मीटरच्या झाकणाला पेलाभर पाणी पुरते. पाणी वाळण्याची वाट न पाहता मऊ कापडाने टिपून घ्यावे, पुसू नये.

दुसरी सवय दुपट्ट्याची आहे. उन्हात डोक्याला बांधलेला दुपट्टा सोडायचा आणि त्यानेच मीटरवरून हात फिरवायचा, हे आपण सगळेच गाडीत बसताना पाहतो. त्या दुपट्ट्यात शेतातली धूळ असते, धुळीत गारगोटीचे म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात, आणि ते प्लास्टिकपेक्षा कितीतरी कठीण असतात. आधी रंगकामाच्या मऊ कुंच्याने धूळ उडवावी आणि मगच ओले कापड लावावे. एवढी एक सवय बदलली तरी नव्या झाकणाचे आयुष्य पुष्कळ वाढेल असे मला वाटते.

घड्याळ दुरुस्ती, वाशीम

मनगटी घड्याळांच्या प्लास्टिक काचा घासून स्वच्छ करणे हे माझे रोजचे काम आहे, आणि मीटरचे अॅक्रिलिक झाकण त्याच पद्धतीने सुधारते, म्हणून पद्धत क्रमाने लिहितो.

झाकण मीटरपासून वेगळे करूनच घासावे. जागेवर घासले तर भुकटी फटींतून तबकडीवर जाते. झाकणाच्या कडेला छापील रेषा किंवा काळी पट्टी असेल तर ती चिकटपट्टीने झाकून घ्यावी. ओरखड्यावरून नख आडवे फिरवावे. नख अडकत नसेल तर पॉलिश पेपर हातात घेऊच नये, नुसत्या प्लास्टिक पॉलिशने किंवा साध्या पांढऱ्या टूथपेस्टने काम होते. टूथपेस्टमध्ये खडूसारखी किंवा सिलिकाची अतिशय बारीक भुकटी असते आणि तीच घासण्याचे काम करते. पारदर्शक जेलची पेस्ट घेऊ नये, कारण तिच्यातल्या भुकटीचा भरवसा धरता येत नाही.

नख अडकत असेल तर पाण्यात भिजवलेला १५०० क्रमांकाचा वॉटर पेपर घ्यावा, साबणाच्या पाण्यात सतत ओला ठेवावा आणि एकाच दिशेने सरळ रेषेत हलक्या हाताने फिरवावा. त्यानंतर झाकण आणि हात दोन्ही धुऊन २००० चा पेपर आधीच्या रेषांना आडवा फिरवावा, आणि आधीच्या सगळ्या रेषा नाहीशा होईपर्यंत पुढे जाऊ नये. मग पुन्हा धुऊन ३००० चा. आधीच्या पेपरचा एखादा कण जरी पुढच्या टप्प्यात राहिला तरी तो नवा खोल ओरखडा पाडतो, म्हणून मधल्या धुण्याला मी घासण्याइतकेच महत्त्व देतो. या टप्प्यावर झाकण सारखे दुधाळ दिसते आणि पहिल्यांदा हे काम करणारा घाबरतो. घाबरण्याचे कारण नाही. त्यापुढे मऊ कापडावर पॉलिश घेऊन लहान गोलाकार हात फिरवत राहिले की दुधाळपणा हळूहळू उतरतो आणि पारदर्शकता परत येते. गाड्यांना रंग देणाऱ्यांकडचे जाड रबिंग कंपाऊंड मात्र शेवटच्या हाताला वापरू नये.

ड्रिल मशीनला गोंडा लावून पॉलिश करण्याचा मोह टाळावा. अॅक्रिलिक १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते, आणि फिरत्या गोंड्याखाली एका जागी तेवढी उष्णता सहज तयार होते. मग पृष्ठभाग ओढला जातो आणि तबकडीवरचे आकडे लाटेसारखे वाकडे दिसू लागतात. हाताने वेळ लागतो, पण हात चुकत नाही.

सगळे झाल्यावर झाकण कोरड्या कापडाने जोराने चमकवू नये. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत प्लास्टिकवर स्थिर विद्युत जमते, ती धूळ आणि कापसाचे तंतू ओढून घेते, आणि हलक्या काट्याच्या मापकात काटासुद्धा काचेकडे खेचला जाऊन चुकीच्या जागी थांबू शकतो. साबणाचा एखादा थेंब घातलेल्या पाण्याने ओलसर केलेले कापड शेवटी एकदा फिरवून झाकण सावलीत वाळू द्यावे, म्हणजे हा त्रास राहत नाही.

वरूडकर

एक प्रश्न विचारतो. आमच्याकडे संत्र्याच्या सालीचे तेल असलेले क्लीनर मिळते आणि ते चिकट डागांवर चांगले चालते. डॅशबोर्डचा तेलकट थर काढायला ते मीटरच्या झाकणावर वापरले तर चालेल का?

रसायनशास्त्राच्या शिक्षिका, ब्रह्मपुरी

वापरू नये. संत्र्याच्या सालीतल्या तेलाचा मुख्य घटक लिमोनिन आहे, आणि तो चांगला द्रावक आहे. थर्मोकोलच्या तुकड्यावर ताजी साल पिळली तर तो तुकडा त्या जागी विरघळताना दिसतो, कारण थर्मोकोल हे पॉलिस्टायरिनच आहे. मूळ कंपनीचे नसलेले स्वस्त झाकण पॉलिस्टायरिनचे असू शकते, आणि नुसते पाहून ते ओळखता येत नाही. साबणाच्या पाण्याने जो थर निघतो त्यासाठी याहून तीव्र काही लावण्याचे कारणच नाही.

मेकॅनिक, पुसद

पावसाळ्याबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून थोडे जोडतो. पावसाळ्यात सकाळी मीटरच्या आत दव जमत असेल आणि इंजिन तापल्यावर ते जात असेल, तर झाकणाचा दोष नाही, गाडीत ओल आहे. समोरच्या काचेचे रबर, पायाखालचे भिजलेले मॅट आणि मीटरमागचे सैल बल्ब होल्डर तपासावे. ज्या गाडीत हीटर आहे तिच्यात काचांवर चिकट वाफ आणि गोडसर वास येत असेल तर हीटरमधून कूलंट झिरपत आहे, आणि ते काम आधी करावे लागेल.

ओल थांबवण्यासाठी मीटर सिलिकॉनने बंद करून टाकू नये. व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकॉनच्या वाफेने मीटरमागच्या तांब्याच्या पट्ट्या गंजतात. तुटलेला खटका क्षणात चिकटणाऱ्या गोंदाने जोडण्याआधीही विचार करावा. त्या गोंदाची वाफ बंद जागेत प्लास्टिकवर पांढरी बुरशी आल्यासारखी बसते, आणि नुकतीच स्वच्छ केलेली काच पुन्हा धूसर होते. जोडायचेच असेल तर झाकण बाहेर काढून उघड्या हवेत जोडावे आणि एक रात्र तसेच ठेवून मग बसवावे.

केबलला ग्रीस लावताना तिचा मीटरकडचा शेवटचा वीतभर भाग कोरडा ठेवावा. तेथे लावलेले ग्रीस फिरत्या केबलबरोबर वर चढून स्पीडोमीटरच्या वाटीत आणि कधी तबकडीवरही येते.

आर्वीकर (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. वाशीमच्या काकांनी सांगितलेल्या पद्धतीने काम केले. बहुतेक भागात नख अडकत नव्हते, त्यामुळे तेथे पॉलिश पुरेसे झाले, आणि स्पीडोमीटरसमोरच्या एका खोल ओरखड्यापुरता वॉटर पेपर वापरला. तिरप्या उन्हात आता तबकडी पूर्ण वाचता येते. कोपऱ्यातली जाळी इंधनाच्या मापकाच्या कडेबाहेर आहे, म्हणून ताईंच्या सल्ल्याप्रमाणे तिला हात लावला नाही.

जाळी जर आकड्यांवर असती तर झाकण बदलावे लागले असते, म्हणून चौकशी करून ठेवली आहे. मारुती ८०० ची निर्मिती १९८३ पासून २०१४ पर्यंत चालू होती, आणि एवढ्या वर्षांत मीटरच्या रचना बदलत गेल्या. जुन्या भागांच्या बाजारात जाताना गाडीचे फक्त नाव सांगून चालत नाही, आपले झाकण सोबत नेऊन छिद्रे, खटके आणि वक्रता जुळवून पाहावी लागते. सपाट झाकण असेल तर अॅक्रिलिकची अक्षरे कापणाऱ्या पाटीवाल्याकडून २ मिलिमीटरच्या शीटमधून ते कापून घेता येते. वक्र झाकणाला हा मार्ग नाही, कारण ती वक्रता प्रतिबिंब चालकाच्या डोळ्यांपासून दूर टाकण्यासाठी दिलेली असते आणि सपाट तुकडा लावला की दिवसभर आपलाच शर्ट मीटरमध्ये दिसत राहतो.

शेतकरी, दर्यापूर

फार उपयुक्त माहिती मिळाली. आमच्या गाडीची १५ वर्षांची नोंदणी पूर्वीच संपली असून आता दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. तपासणीच्या वेळी मीटरचीही पाहणी होते का?

मेकॅनिक, पुसद

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये स्पीडोमीटरबद्दल स्वतंत्र तरतूद आहे, म्हणून तो चालू आणि वाचता येण्यासारखा ठेवूनच गाडी तपासणीला न्यावी. काच स्वच्छ करून मीटर बसवल्यावर गाडी रस्त्यावर काढण्याआधी सगळे दिवे, इंडिकेटरचे बाण, तेलाच्या दाबाचा लाल दिवा आणि चार्जिंगचा दिवा चावी फिरवून एकदा पाहून घ्या. मीटर परत लावताना एखादा होल्डर अर्धवट बसलेला राहतो, आणि तेलाचा दिवा लागत नाही हे इंजिन खराब झाल्यावरच कळते. त्यानंतर मोबाइलवर जीपीएसचा वेग लावून शेजारी कोणाला तरी तो वाचायला बसवा आणि ४० व ६० च्या वेगाला काटा पडताळा. काटा थोडा जास्त दाखवत असेल तर चिंता नाही, कमी दाखवत असेल तर मीटर दुरुस्त करणाऱ्याकडे न्यावे.

शेतकरी, दर्यापूर

समजले. तपासणीला जाण्याआधी झाकण काढून पावसाच्या पाण्याने धुतो, आणि खोल ओरखडे निघाले तर वाशीमच्या काकांकडेच घेऊन येतो.

घड्याळ दुरुस्ती, वाशीम

अवश्य या. येताना फक्त झाकण आणा, मीटर आणू नका. झाकण वर्तमानपत्रात न गुंडाळता मऊ सुती कापडात गुंडाळून आणा.